दोन केबल, एक ग्रुप: २४ पोर्टच्या स्मार्ट स्विचवर स्टॅटिक आणि एलएसीपी दोन्ही वापरून बघितलं

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, कारण हा स्विच घ्यायच्या आधी मी हेच शोधत होतो आणि सरळ शब्दांत कुठेच सापडलं नाही. दोन पोर्ट एकत्र बांधले, सर्व्हरला दोन केबल लावल्या, एका कॉम्प्युटरवरून मोठी फाइल कॉपी करायला घेतली आणि स्पीड आला सेकंदाला ११२-११३ एमबी, म्हणजे एका केबलवर यायचा तेवढाच. स्विच खराब नाही, केबल खराब नाही, सेटिंगही चुकलेलं नाही. लिंक अ‍ॅग्रिगेशन (अनेक केबल एक धरून वापरणं) असंच चालतं. दोन यंत्रांमधलं एक संभाषण एकाच केबलवरून जातं, कारण पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) दोन केबलवर वाटली तर पुढेमागे होऊन पोहोचतील आणि मानकाची पहिली अटच ही आहे की एका संभाषणातल्या फ्रेमचा, म्हणजे या पॅकेटचा, क्रम मोडायचा नाही. दोन केबलचा फायदा दिसतो तो एकापेक्षा जास्त माणसं एकाच वेळी काम करतात तेव्हा. आणि तेव्हाही तो दिसेलच असं नाही, ते कशावर ठरतं त्यावरच या रिव्ह्यूचा मोठा भाग आहे.

स्विचबद्दल थोडक्यात. २४ पोर्ट, सगळे १ गिगाबिट तांब्याचे, एसएफपी (फायबर लावायचा खाचा) एकही नाही, पंखा नाही, ब्राउझरमधून सेटिंग होतं. ८ ग्रुप करता येतात, एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ४ पोर्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी आहेत त्या या वर्गातल्या कितीतरी स्विचना लागू होतील आणि मला मॉडेलवर नाही, पद्धतीवर बोलायचंय. असे दोन घेतले, एक खाली सर्व्हरजवळ, एक वरच्या मजल्यावर. आम्ही १४ जण, काम व्हिडिओ आणि फोटोचं, सगळ्या फाइली एका लिनक्स सर्व्हरवर आणि त्या सर्व्हरला मागे ४ नेटवर्क पोर्ट. आठ महिने झाले वापरून. पहिले तीन महिने स्टॅटिक होतं, त्यानंतर एलएसीपी. ग्रुप बांधायच्या या दोन पद्धती, त्या पुढे सांगतो.

नावांचा घोळ आधी मिटवूया, कारण त्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. या एकाच गोष्टीला सिस्कोवाले इथरचॅनेल किंवा पोर्ट चॅनेल म्हणतात, एचपीच्या जुन्या स्विचमध्ये त्याला ट्रंक म्हणतात, हुआवेईमध्ये इथ-ट्रंक, लिनक्समध्ये बाँड, विंडोजमध्ये टीम आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं लॅग (लिंक अ‍ॅग्रिगेशन ग्रुप). पण सिस्कोमध्ये ट्रंक म्हणजे वेगळीच गोष्ट, अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्क) टॅग करून वाहून नेणारा पोर्ट. मी वरच्या मजल्यावर असलेल्या सहकाऱ्याला फोनवर म्हटलं २३ आणि २४ ट्रंक कर, त्याने सिस्कोवर काम केलेलं, त्याने दोन्ही पोर्टवर सगळे व्हीलॅन टॅग करून ठेवले आणि दोन्ही केबल लावून दिल्या. ग्रुप नाहीच, दोन सुट्या केबल, म्हणजे सरळ लूप, पॅकेट दोन स्विचमध्ये गोल गोल फिरत राहणार. दोन्ही स्विचचे सगळे दिवे एकत्र लुकलुकायला लागले आणि दोन मिनिटांत कोणाचंच काही चालेना. या स्विचवर स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून जास्तीची केबल अडवणारी सोय) कारखान्यातून बंद येतं, म्हणून लूप अडला नाही. त्यामुळे पहिली गोष्ट, ग्रुपचं काम करताना एकच केबल लावलेली ठेवा, दोन्ही टोकांना सेटिंग पूर्ण करा, मगच दुसरी लावा. आणि स्पॅनिंग ट्री चालू करून ठेवा, ग्रुप बरोबर असला तरी.

आता स्टॅटिक. मेनूमध्ये ग्रुप बनवला की हा स्विच आपणहून स्टॅटिक निवडतो आणि म्हणून बहुतेक लोक तेच ठेवत असणार. स्टॅटिक म्हणजे स्विचला आपण नुसतं सांगतो की हे दोन पोर्ट एक समज. समोर कोण आहे, त्यानेही ग्रुप केलाय का, दोन्ही केबल एकाच यंत्रात गेल्यात का, हे स्विच विचारतच नाही. लिंकचा दिवा हिरवा असला की त्याच्या दृष्टीने सगळं ठीक.

आमच्याकडे खालच्या आणि वरच्या स्विचमध्ये फायबर आहे, आणि याला एसएफपी नसल्याने मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे छोटे डबे) लावावे लागले, दोन फायबरसाठी दोन जोड्या. तीन महिने व्यवस्थित चाललं. मग एके दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरून फोन, सर्व्हर उघडत नाही. दुसऱ्याला विचारलं तर त्याचा उघडतोय. ज्याचा सर्व्हर उघडत नव्हता त्याचं प्रिंटिंग मात्र खालच्या प्रिंटरवर होत होतं. तिसऱ्याचं उलट, सर्व्हर ठीक, प्रिंटर नाही. मी आधी त्या लोकांचे कॉम्प्युटर तपासले, मग आयपी दोनदा दिला गेलाय का ते बघितलं, मग सर्व्हरची फायरवॉल, जवळजवळ तीन तास यात गेले. दोन्ही स्विचवर दोन्ही पोर्टचे दिवे हिरवे, म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही.

झालं होतं असं की एका फायबरचा कनेक्टर निसटला होता. पण आमचे मीडिया कन्व्हर्टर फायबरची बाजू मेली तरी तांब्याची बाजू जिवंतच दाखवत राहिले. काही कन्व्हर्टरमध्ये लिंक फॉल्ट पास थ्रू नावाची सोय असते, एक बाजू पडली की दुसरी पण पाडायची, आमच्यात ती नव्हती. त्यामुळे स्विचच्या मते दोन्ही रस्ते चालू आणि तो निम्मी संभाषणं इमानदारीत त्या मेलेल्या रस्त्यावर टाकत राहिला. कोणाचं संभाषण कुठल्या केबलवर जाणार हे दोन्ही यंत्रांच्या मॅक पत्त्यांवरून (नेटवर्क कार्डाच्या नंबरांवरून) ठरतं, म्हणून एकाच माणसाचा सर्व्हर बंद आणि प्रिंटर चालू असं विचित्र चित्र दिसत होतं. हे चित्र लक्षात ठेवा. कधीही नेटवर्कमध्ये अर्ध्या लोकांना अर्ध्या गोष्टी दिसतात आणि ते ठरावीक जोड्यांमध्येच होतं, तेव्हा पहिल्यांदा ग्रुपमधली एक केबल काढून बघा, मग दुसरी. मला हे त्या दिवशी माहीत असतं तर काम पाच मिनिटांचं होतं.

त्याच संध्याकाळी एलएसीपीवर गेलो आणि परत स्टॅटिककडे आलो नाही.

एलएसीपी (लिंक अ‍ॅग्रिगेशन कंट्रोल प्रोटोकॉल) हा आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा प्रोटोकॉल, २००० साली ८०२.३एडी म्हणून आला, २००८ मध्ये ८०२.१एएक्समध्ये हलवला, तरी अजून सगळे जुनाच आकडा बोलतात आणि लिनक्सच्या बाँडमधल्या मोड ४ चं नाव पण तेच आहे. यात प्रत्येक पोर्ट समोरच्याला ठरावीक वेळाने एक छोटं पॅकेट पाठवतो, मी अमुक यंत्र, माझा हा पोर्ट, या ग्रुपचा, आणि तुझ्याबद्दल मला हे कळलंय. समोरून उत्तर जुळलं तरच पोर्ट ग्रुपमध्ये घेतला जातो. म्हणजे एक केबल चुकून तिसऱ्याच स्विचमध्ये लागली तर त्या पोर्टवर दुसऱ्या यंत्राची ओळख येते आणि तो पोर्ट ग्रुपबाहेर राहतो. स्टॅटिकमध्ये हाच प्रकार दिवसभर डोकं खाईल.

वेळेचं गणित माहिती असलं पाहिजे. लाँग टाइमआउटमध्ये ही पॅकेट दर ३० सेकंदांनी जातात, शॉर्टमध्ये दर सेकंदाला आणि लागोपाठ तीन वेळा काही आलं नाही की पोर्ट बाहेर, म्हणजे ९० सेकंद किंवा ३ सेकंद. या स्विचवर लाँग डीफॉल्ट आहे आणि ते बदलायचं सेटिंग ग्रुपच्या पानावर नाही, वेगळ्या पोर्टच्या पानावर दडवलंय, सापडायला वेळ लागतो. मी मुद्दाम फायबर काढून बघितलं. लाँगवर असताना निम्मी मंडळी दीड मिनिट अडकली आणि मग आपोआप सुटली. शॉर्टवर कोणी कामातून मान वर करून बघितलं पण नाही. एक बारीक गोष्ट यात अशी की तुम्ही तुमच्या बाजूला शॉर्ट ठेवता ते समोरच्याला केलेलं सांगणं असतं, की मला दर सेकंदाला पाठव. म्हणून एकाच बाजूला बदलून अर्धंच काम होतं, दोन्हीकडे बदला. आणि केबल सरळ स्विच ते सर्व्हर असेल, मधे कन्व्हर्टर वगैरे काही नसेल, तर ती निघाल्याचं दोन्ही बाजूंना लिंक पडल्यावरूनच लगेच कळतं, तिथे स्टॅटिक काय नि एलएसीपी काय, या ९० सेकंदांचा संबंधच येत नाही.

अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचं पण बघा. अ‍ॅक्टिव्ह आपणहून बोलायला सुरुवात करतो, पॅसिव्ह समोरच्याने आधी बोलावं म्हणून थांबतो. दोन्ही पॅसिव्ह असले की दोघंही थांबून राहतात आणि ग्रुप बनत नाही. हा स्विच डीफॉल्ट पॅसिव्ह आहे, त्यामुळे सर्व्हरशी लगेच जमलं कारण लिनक्सचा बाँड स्वतः बोलतो, पण तेच दोन स्विच एकमेकांना जोडले तर ढिम्म. दोन्ही अ‍ॅक्टिव्ह ठेवा, त्यात काही तोटा नाही. मधे साधा अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेला) स्विच ठेवून एलएसीपी करायला जाऊ नका, ती पॅकेट ज्या पत्त्यावर जातात तो पत्ता स्विचने पुढे पाठवायचाच नसतो.

आता खरा विषय, हॅश, म्हणजे पत्त्यांवरून केबल ठरवणारं गणित. स्टॅटिक की एलएसीपी यावर लोक तासन् तास वाद घालतात पण स्पीडच्या दृष्टीने त्या दोन्हींत काही फरक नाही. दोन्हींत संभाषण कुठल्या केबलवर टाकायचं ते हॅश ठरवतो आणि मानकात हॅश अमुकच वापरा असं सांगितलेलंच नाही, फक्त क्रम मोडू नका एवढंच आहे. त्यामुळे प्रत्येक यंत्र आपापला हॅश वापरतं आणि तो दोन्ही बाजूंना वेगळा असला तरी चालतं. याचा अर्थ लोकांच्या लक्षात येत नाही, माझ्या पण उशिरा आला. सर्व्हरकडून बाहेर जाणारं काय कुठल्या केबलवर जाईल ते सर्व्हर ठरवतो. सर्व्हरकडे येणारं कुठल्या केबलवर येईल ते स्विच ठरवतो. सर्व्हरवरून फाइल वाचणं चांगलं चालतंय आणि लिहिणं रखडतंय असं असेल तर सर्व्हरचं सेटिंग कितीही बदला, काही होणार नाही, ते स्विचच्या हातात आहे.

लिनक्सचा डीफॉल्ट हॅश लेयर २ आहे, म्हणजे मॅक पत्त्यांवरचा. त्यात दोन्ही यंत्रांच्या मॅक पत्त्यांचा शेवटचा बाइट घेऊन एक्सऑर (बिट-बिट ताडून एक आकडा काढणं) करतात, त्यात पॅकेटचा प्रकार मिसळतात आणि केबलच्या संख्येने भागून बाकी बघतात. केबल दोन असतील तर शेवटी प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या कॉम्प्युटरच्या मॅकचा शेवटचा आकडा सम आहे की विषम. मी सगळ्यांचे मॅक काढून मांडले तर १४ पैकी ९ एका बाजूला आणि ५ दुसऱ्या बाजूला. त्यातही सगळ्यात जास्त डेटा ओढणारे चार एडिटर, त्यातले तीन एकाच केबलवर. म्हणजे वर्षानुवर्षं तेच तिघे एकमेकांच्या वाटेत येणार आणि बाजूची केबल रिकामी पडून राहणार, कारण मॅक पत्ता काही बदलत नाही.

याहून वाईट म्हणजे राउटर. लॅपटॉप आमच्याकडे वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत, ते सर्व्हरकडे राउटरमधून येतात. राउटरमधून आलेल्या प्रत्येक पॅकेटवर मॅक राउटरचाच असतो, मग लॅपटॉप दोन असोत की दोनशे, सर्व्हर आणि स्विचला ते सगळं एकाच माणसाचं बोलणं वाटतं आणि सगळं एकाच केबलवर जातं. तुमचं नेटवर्क व्हीलॅनमध्ये वाटलेलं असेल आणि हॅश मॅकवर असेल तर दुसरी केबल फक्त स्टँडबाय आहे असं धरून चाला.

सर्व्हरवर मी लेयर ३+४ केलं. त्यात दोन्ही आयपी आणि दोन्ही पोर्ट नंबर (स्विचचे पोर्ट नव्हेत, टीसीपी किंवा यूडीपी या डेटा पाठवायच्या पद्धतींत कनेक्शनला मिळणारे नंबर) धरले जातात, म्हणजे त्याच माणसाचं दुसरं कनेक्शन दुसऱ्या केबलवर जाऊ शकतं. कडक अर्थाने हे मानकात पूर्ण बसत नाही, कारण तुकडे झालेल्या पॅकेटमध्ये पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो आणि एकाच संभाषणातली काही पॅकेट एका केबलने, काही दुसऱ्या केबलने जाऊ शकतात. टीसीपीवर हे सहसा होत नाही, मोठी यूडीपी पॅकेट पाठवणारं काही असेल तर विचार करा. आमच्याकडे काही त्रास झाला नाही.

बदल किती पडला ते आयपर्फ३ या स्पीड मोजणाऱ्या प्रोग्रॅमने मोजलं. एका कॉम्प्युटरवरून एक स्ट्रीम (एक कनेक्शन), ९४१ मेगाबिट, आधीही आणि नंतरही. तेवढंच येणार, १ गिगाबिटच्या केबलवर हेडर वगैरे जाऊन टीसीपीला तेवढंच उरतं. दोन कॉम्प्युटरवरून एकदम, सर्व्हरकडून बाहेर, लेयर २ असताना त्या अडकलेल्या जोडीला मिळून ९४० च्या आसपास, म्हणजे प्रत्येकाला निम्मं. लेयर ३+४ केल्यावर आणि प्रत्येकाने चार-चार स्ट्रीम चालवल्यावर मिळून १८०० च्या वर. एकेक स्ट्रीमच ठेवला तर कधी १८८०, कधी ९४१, कारण दोन संभाषणं दोन केबलवर पडतील की एकावर हा नाणेफेकीसारखाच प्रकार, अर्ध्या वेळा एकावरच पडतात. फरक एवढाच की आता ते दर कनेक्शनला नव्याने ठरतं, त्याच तिघांच्या नशिबी कायमचं येत नाही. १४ माणसं आणि बरीच कनेक्शन म्हटल्यावर दिवसभरात वाटणी बऱ्यापैकी समान होते, पोर्टचे काउंटर बघितले तर आता साधारण ५५-४५ दिसतंय.

आणि इथेच या स्विचवर मी नाराज आहे. याच्या मेनूमध्ये हॅशचे दोनच पर्याय, मॅक, आणि मॅक अधिक आयपी. लेयर ४ नाही. म्हणजे सर्व्हरवर लिहिण्याच्या दिशेला एक माणूस कायम एकाच केबलवर. मॅक अधिक आयपी निवडल्यावर राउटरमागच्या लॅपटॉपचा प्रश्न सुटला, कारण आयपी तर वेगवेगळे आहेत, तेवढी मोठी सुधारणा झाली. पण हा पर्याय पूर्ण स्विचला एकच आहे, ग्रुपप्रमाणे वेगळा ठेवता येत नाही आणि डीफॉल्ट अर्थातच मॅक. बॉक्सवर एलएसीपी सपोर्ट मोठ्या अक्षरात छापलंय, हॅशबद्दल बॉक्सवर एक शब्द नाही, माहितीपत्रकात नाही, मॅन्युअलमध्ये एक ओळ. ग्राहकाला जी गोष्ट विकत घेण्याआधी कळायला पाहिजे ती हीच आहे हो.

तीन केबलचा पण अनुभव घेतला. बऱ्याच स्विचमध्ये हॅशचं उत्तर ८ खणांत पडतं आणि ते खण केबलवर वाटले जातात. दोन, चार, आठ केबल असतील तर समान, तीन असतील तर ३, ३ आणि २. तिसरी केबल लावल्यावर मला फारसा फरक दिसला नाही, चौथी लावल्यावर दिसला. पोर्ट मोकळे असतील तर दोनवरून सरळ चारवर जा.

लिनक्सचे बाकीचे मोड घाईत सांगतो. राउंड रॉबिन, म्हणजे मोड ०, हा एकच असा आहे की ज्यात एक संभाषण खरंच दोन केबलवर वाटलं जातं, आणि म्हणून सगळ्यांना तो मोहात पाडतो. मी एक दिवस लावला. स्विचवर त्यासाठी स्टॅटिक ग्रुप लागतो. पॅकेट उलटसुलट क्रमाने पोहोचायला लागली, टीसीपीला वाटलं पॅकेट हरवली, परत पाठवणं सुरू झालं. वाढ झाली पण दुपटीच्या जवळपास पण नाही, कॉल अडखळायला लागले, आणि येणाऱ्या दिशेला स्विच आपल्या हॅशनेच पाठवतो त्यामुळे तिकडे काहीच फायदा नाही. दुसऱ्या दिवशी काढून टाकला. मोड ६ मध्ये स्विचला काही सांगावं लागत नाही, सर्व्हर स्वतः एआरपीच्या (या आयपीचा मॅक कोणता, या प्रश्नाच्या) उत्तरांत वेगवेगळे मॅक देऊन लोकांना केबलवर वाटतो, पण सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनचा ब्रिज असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, मोड १, याला मात्र लोक उगाच कमी लेखतात. एक केबल काम करते, दुसरी नुसती तयार असते, स्विचवर काहीही करावं लागत नाही आणि मुख्य म्हणजे दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावता येतात. एलएसीपीमध्ये ते करायचं तर दोन्ही स्विच स्टॅक करणारे किंवा एमलॅगवाले (दोघांत मिळून एक ग्रुप करू देणारे) पाहिजेत, हे या वर्गात मिळत नाही. ज्याला स्पीड पुरतोय आणि फक्त स्विच मेला तरी काम थांबू नये एवढंच पाहिजे त्याने मोड १ लावावा आणि शांत झोपावं.

व्हीएमवेअर वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य, तिथल्या स्टँडर्ड व्हीस्विचला एलएसीपी येत नाही, आयपी हॅश निवडून समोर स्टॅटिकच ठेवावा लागतो, एलएसीपीसाठी डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. मी आठ महिन्यांत स्टॅटिकची शिफारस करीन अशी हीच जागा सापडली.

आणि ज्यांना एकाच कॉम्प्युटरवरून एकच मोठी फाइल पटकन हलवायची आहे त्यांनी यातलं काहीच करू नका. २.५ गिगाबिटचं मानक २०१६ मध्ये आलं, ते जुन्या कॅट ५ई केबलवरच चालतं, त्याच भिंतीतल्या केबल, फक्त दोन्ही टोकांचे कार्ड आणि स्विच बदलायचे, आणि एका स्ट्रीमला २.३५ गिगाबिट सरळ मिळतात. हॅश नाही, ग्रुप नाही. विंडोजच्या शेअरसाठी दुसरा एक मार्ग आहे, एसएमबी मल्टिचॅनेल, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून आहे, त्यात दोन कार्ड सुटीच ठेवायची, ग्रुप करायचाच नाही आणि एसएमबी स्वतः एकाच कॉपीसाठी दोन्हींवर कनेक्शन उघडतो. आयस्कझीसाठी (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) पण तसंच, मल्टिपाथ वापरा, ग्रुप नको.

स्विचच्या आणखी दोन गोष्टी ज्यांनी मला खरंच त्रास दिला. पोर्ट ग्रुपमध्ये टाकला की त्या पोर्टचं व्हीलॅन सेटिंग पुसलं जातं आणि ग्रुप डीफॉल्ट व्हीलॅनमध्ये जातो, हे तो विचारत नाही आणि सांगतही नाही. मी ज्या केबलवरून स्विच उघडला होता तीच ग्रुपमध्ये टाकली आणि बाहेर पडलो, वर जाऊन लॅपटॉप लावून परत सगळं करावं लागलं. तेव्हा ग्रुप आधी बनवा, व्हीलॅन नंतर ग्रुपला लावा, आणि स्विच उघडायला एक वेगळा पोर्ट राखून ठेवा. दुसरी गोष्ट, अप्लाय दाबलं म्हणजे सेव्ह झालं असं नाही. सेव्ह वेगळं आहे, उजवीकडे वर कोपऱ्यात. वीज गेली, परत आली, एक स्विच ग्रुपशिवाय उठला. सर्व्हरचा ग्रुप स्टॅटिक असेल तर यात लूप होत नाही, फक्त तोच मॅक एकदा या पोर्टवर, एकदा त्या पोर्टवर दिसत राहतो आणि सगळं रडतखडत चालतं. पण स्विच ते स्विच दोन केबल असतील तर ग्रुप गेला म्हणजे लूप. तोपर्यंत स्पॅनिंग ट्री चालू केलेलं होतं म्हणून एक केबल आपोआप अडवली गेली आणि लोकांना कळलं सुद्धा नाही. सकाळी लॉग बघितला तेव्हा कळलं.

चांगलं पण सांगितलं पाहिजे. एलएसीपी स्वतः अगदी पक्कं आहे, पाच महिन्यांत एकदाही ग्रुप उगाच तुटला नाही. समोर कोण आहे, त्याचा मॅक, त्याचा पोर्ट नंबर, हे सगळं एका पानावर दिसतं आणि केबल शोधताना त्याचा फार उपयोग होतो. प्रत्येक पोर्टचे काउंटर वेगळे दिसतात, नुसत्या ग्रुपची बेरीज नाही, त्याशिवाय मला हॅशचं हे सगळं कळलंच नसतं. गरम होत नाही, आवाज नाही. एलएसीपीसाठी मी याला ५ पैकी साडेचार देईन, हॅशसाठी दोन, मेनूच्या मांडणीसाठी अडीच.

घेणार असाल तर कुठलाही स्विच असो, खरेदीच्या आधी त्याचं पूर्ण मॅन्युअल उतरवून घ्या, माहितीपत्रक नव्हे, आणि त्यात लोड बॅलन्सचं पान शोधा. तिथे आयपीबरोबर टीसीपी-यूडीपी पोर्ट किंवा लेयर ४ लिहिलेलं दिसलं तर तो घ्या. नुसतं मॅक असेल आणि तुमच्याकडे राउटरमागे व्हीलॅन असतील तर तो सोडून द्या, दुसऱ्या केबलचे पोर्ट फुकट जातील. याच कंपनीला मी लेयर ४ चा हॅश फर्मवेअरमध्ये द्या म्हणून लिहिलंय, उत्तर आलं तर इथेच खाली लिहीन.